काशप्पाच्या घराचं नाक

खजुरीच्या काशप्पा गवंड्यानं आयुष्यभर दोनच गोष्टी रचल्या, भिंती आणि थापा. दोन्ही भरभक्कम असायच्या, दोन्ही पावसाळ्याला पुरून उरायच्या. ओळंबा मात्र तो फक्त भिंतीला लावायचा.

माणूस उंच, वाळक्या तुराटीसारखा. टाचा चुन्यानं कायमच्या पांढऱ्या. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचा, चुना बिघडला की उर्दूत शिव्या द्यायचा, आणि बायकोशी, म्हणजे गौरम्माशी, त्याचं भांडण कानडीत सुरू व्हायचं ते शेजाऱ्यांना नीट कळावं म्हणून मराठीत संपायचं. भांडणात गौरम्मा फार बोलत नसे. ती एखादंच वाक्य टाकायची आणि चुलीकडं वळायची. ते वाक्य काशप्पाला दोन दिवस पुरायचं.

हैदराबाद संस्थानावर पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर दीडेक वर्षं आळंद तालुक्यात कुणी नवी भिंत घालायच्या भानगडीत पडलं नाही. जुन्याच भिंती उभ्या राहतात का पडतात हे लोक बघत होते. हाताला काम नाही म्हणून काशप्पा थापी-ओळंबा पिशवीत घालून हैदराबादेला गेला, आणि तिथं अर्देशीर नावाच्या इराण्याच्या चहाच्या हॉटेलात भट्टी आणि धुराडं बांधायला लागला.

एका दुपारी धुराड्याखाली घामानं निथळत बसलेल्या काशप्पाकडं बघून अर्देशीर शेठ हसला. म्हणाला, हा कसला उन्हाळा, उन्हाळा आमच्या यझ्दचा. चहूकडं नुसती वाळू. पाखरू उडायला कंटाळतं. आणि तरीही भर दुपारी आमच्या घरात खाली बसलं तर अंगावर पांघरूण घ्यावं लागतं. काशप्पाला वाटलं, आपल्याला आपल्या जातीचा माणूस भेटला. पण शेठ थापा मारत नव्हता. त्यानं सांगितलं की तिकडं घराच्या डोक्यावर एक उंच चौकोनी मनोरा असतो, बादगीर म्हणतात त्याला. वरच्या टोकाला चारी अंगांनी उभ्या फटी. आत फुलीसारख्या भिंती घालून चार नळ केलेले. वारा ज्या अंगानं येईल त्या अंगाच्या नळातून खाली घरात उतरतो, आणि घरातली तापलेली हवा पलीकडच्या नळातून वर निघून जाते. पंखा नाही, दोरी ओढणारा नाही.

"हमारे गांव में घरां नाक से सांस लेते, काशप्पा," शेठ म्हणाला.

काशप्पाच्या डोक्यात ते शिरलं, पण डोळ्यांपुढं येईना. तेव्हा शेठनं एक बशी घेतली, तिच्यात काठोकाठ चहा ओतला, आणि बशीच्या मधोमध बिस्किटं उभी करून चारी बाजू रचल्या. आत दोन बिस्किटं फुलीसारखी. हे घराचं नाक, म्हणाला, आणि आता खाली बघ, ही खालची बशी म्हणजे... इतक्यात भट्टीवरचं दूध उतू गेलं आणि शेठ धावला. काशप्पा बशीकडं बघत राहिला. माणूस दिलदार आहे, गप्पा मारता मारता आपल्यापुढं चहा-बिस्किट मांडून गेला, असं त्याला वाटलं. चहा गार होऊ नये म्हणून त्यानं आधी मनोरा खाल्ला, मग बशी प्याली. शेठ परत आला तेव्हा बशी स्वच्छ होती. शेठनं रिकाम्या बशीकडं थोडा वेळ बघितलं, दुसरा चहा मागवला, आणि मग गिऱ्हाईक वाढलं ते वाढलंच. बशीबद्दलचं बोलणं राहून गेलं.

काशप्पा गावाला परतला तो हैदराबादचा वारा लागूनच. आल्या आल्या त्यानं बापानं घातलेलं माळवद उतरवलं. हे माळवद म्हणजे सागाच्या तुळया, वर दाट लाकडं, आणि त्यांवर हात-दोन हात पांढऱ्या मातीचा थर. काशप्पा त्याला गरिबाचं छप्पर म्हणाला. सोलापूरहून पत्रे आणले. मध्ये इकडच्या आणि तिकडच्या राज्याच्या हद्दीवर नाकं होतं, तिथं करोडगिरी, म्हणजे जकात, भरून आणले. खजुरीतलं पहिलं पत्र्याचं घर. लोक बघायला आले, बोटानं वाजवून गेले. पत्रे मात्र पुढच्या दोन खणांनाच पुरले. मागं म्हशीची खोली होती, तिच्यावर बापाचं माळवद तसंच राहिलं. काशप्पाला त्याची लाज वाटायची. पाहुणा आला की तो मागचं दार ओढून घ्यायचा.

दिवाळीत पत्रे चढले, माघात लेकीचं, निलम्माचं, लग्न झालं, हुमनाबादच्या व्यापारी घरात. पोरीला घोटीव दगडी घर मिळालं आणि काशप्पाला चन्नम्मा नावाची विहीण. बाई अंगानं ऐसपैस, बोलायला नेमकी. त्याच वैशाखात ती पहिल्यांदा खजुरीला आली आणि भर दुपारी पत्र्याखाली बसली. घटकाभरानं तिच्या डोक्यावरचं तेल कानामागून उतरायला लागलं. तेवढ्यात फळीवरची गुळाची ढेप मऊ पडली, आणि तिचा एक जाड काळसर ओघळ भिंतीवरून सावकाश खाली आला. चन्नम्मानं ओघळ जमिनीला टेकेपर्यंत बघितला. मग म्हणाली, आमची गाडी जुंपायला सांगा.

खरं तर उन्हाळ्यात त्या घरात कुणीच राहत नसे. दुपार झाली की गौरम्मा, मांजर आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या मागं म्हशीच्या खोलीत जाऊन पडायच्या. काशप्पा तेवढा पत्र्याखाली बसून राहायचा. घर त्याचं होतं. फार झालं की म्हशीला पाणी दाखवतो असं सांगून आत जायचा आणि तासभर पाणी दाखवत बसायचा.

दुसऱ्या वर्षी निलम्माला दिवस राहिले. हिशेब वैशाख-ज्येष्ठाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत; ज्या घरात पोरीचं पहिलं बाळंतपण होत नाही त्या घराला गावात माहेर म्हणत नाहीत. फाल्गुनात हुमनाबादहून निरोप आला. डोहाळजेवण झालं, पोरगी सुखरूप आहे, पण त्या भट्टीत आम्ही तिला पाठवणार नाही. बाळंतपण इथंच होईल. निरोप आणणाऱ्या गाडीवानाजवळ निलम्मानं आपलाही एक वेगळा निरोप दिला होता, फक्त आईबापाच्या कानावर घालायला.

"अप्पाला सांगा, काय बी करा पर मला घेऊन जावा. म्या हिथं बाळंत झाले तर जन्मभर ऐकावं लागंल."

काशप्पा त्या दिवशी जेवला नाही. गौरम्मा म्हणाली, पत्रे उतरवा आणि माती चढवा, हाय काय त्यात. पण ज्या माणसानं गावभर मातीच्या छपराला नावं ठेवली त्यानं तीच माती पुन्हा डोक्यावर घ्यायची, हे त्याच्या घशाखाली उतरेना. तो स्वतः हुमनाबादला गेला आणि विहिणीपुढं बसून म्हणाला, अक्का, बसव जयंतीला भर दुपारी माझ्या घरी येऊन बसा. गार वाटलं तर पोरगी द्या. नाही वाटलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. काशप्पा तोंड उघडणार नाही हे ऐकूनच बहुधा चन्नम्मा कबूल झाली.

हातात दीड महिना होता. घरी येताच त्यानं पत्र्याला मधोमध चौकोन कापला आणि खालून चार खांबांवर भाजक्या विटांचा मनोरा वर काढायला घेतला. चुना बैलाच्या घाण्यात मळला, चार नळ केले, आत फुलीची भिंत. पुरुषभर, दोन पुरुष, मग पत्र्याच्या वर आणखी दोन पुरुष. गाव कामधंदा टाकून बघायला लागलं. नुकतीच मतदानं झाली होती, चित्रागणिक वेगळी पेटी होती, त्यामुळं वरच्या फटी दिसल्यावर एका म्हातारीनं विचारलं की बाबा, बैलाच्या चित्राची फट कुठली. काशप्पानं सगळ्यांना सांगितलं की हे घराचं नाक आहे. ते नाव गावाला भलतंच आवडलं. काशप्पाच्या घराला नाक फुटलं, असं लोक म्हणायला लागले.

पोलीस पाटील आप्पाराव रोज संध्याकाळी काठी टेकवत यायचा. काम सरकारी असल्यासारखं तोंड करून बघायचा.

"काशप्पा, हे काय बांधायलास?"

"वारा उतरायचा जिना, पाटील."

"कुठनं यायलाय वारा?"

"मावळतीकडनं. सोलापूरकडनं."

पाटलानं सोलापूरच्या दिशेला तोंड करून जरा विचार केला. "पत्र्याची करोडगिरी भरला होतास. ह्या वाऱ्याची भरलास का? न्हाई, उद्या नाक्यावरचे मला इचारतील. परमुलखातला माल हाय."

ही गोष्ट दोन दिवसांत आळंदच्या बाजारापर्यंत गेली. काशप्पा लोकांच्या थापा ऐकून घ्यायला शिकला नव्हता, तेवढं त्या उन्हाळ्यात शिकला.

पाडव्यानंतरच्या सोमवारी नारळ फोडून त्यानं फटींवरची पोती ओढली. खाली येऊन बरोबर नळाच्या तोंडाशी उभा राहिला, मान वर, तोंड उघडं. दारात निम्मं गाव. आणि वारा आला, यात काही खोटं नाही. नळातून हूं असा आवाज करीत आला. पण मावळतीला तेव्हा खळी चालू होती. वाऱ्याबरोबर तिथलं भुसकट आलं, धूळ आली, आणि वर तापलेला चैत्र होता तो सगळाच्या सगळा आला. पहिला घास काशप्पाच्या तोंडात गेला. मग वाऱ्यानं काटवटीतलं ज्वारीचं पीठ उचललं आणि दारातल्या लोकांवर सारखं वाटून टाकलं. पाटील पांढरा झाला. कुणी हसलं नाही, कारण तोंड उघडायची सोय नव्हती.

लोक पांगल्यावर गौरम्मानं रिकामी काटवट उचलली.

"भट्टी होतीच," ती म्हणाली, "आता भाता बी लावलाव."

काशप्पा पाच दिवस चावडीवर गेला नाही. म्हशीच्या खोलीत बसून भाकरी खायचा आणि यझ्दचे लोक शाल पांघरतात ते गारव्यानं की भुसकटापासून वाचायला, यावर विचार करायचा. शेठ खोटं बोलला असं म्हणवत नव्हतं आणि खरं बोलला असं दिसत नव्हतं. बसव जयंतीला बावीस दिवस उरले होते.

सहाव्या दिवशी गौरम्मानं वाकळ धुतली. पाच लुगड्यांची, ओली झाली की एकट्याला जड जाणारी वाकळ. बाहेर वाळत घालावी तर खळ्याची धूळ. तिनं बघितलं, नळात बांधकामाच्या वेळची आडवी लाकडं तशीच आहेत. नवऱ्याच्या त्या मनोऱ्याचा काहीतरी उपयोग व्हावा म्हणून तिनं ओली वाकळ तिथं टांगली आणि आपल्या कामाला गेली.

दुपारी तिला मांजर दिसेना. चैत्र लागल्यापासून मांजरानं म्हशीची खोली सोडली नव्हती. शोधत ती पुढच्या खणात आली तर मांजर मनोऱ्याखाली चारी पाय पसरून झोपलेलं. तिनं नवऱ्याला हाक मारली आणि मांजराकडं बोट केलं. काशप्पा नळाखाली उभा राहिला. वाकळीचं पाणी टपटप डोक्यावर पडलं. आणि वरून, त्याच फटीतून, त्याच सोलापूरकडचा, पण ओल्या मातीच्या माठातून ओतल्यासारखा वारा त्याच्या मानेवर उतरला. धूळ वाकळीलाच चिकटली होती.

काशप्पा मटकन खाली बसला, मांजराशेजारी. त्याच्या डोळ्यांपुढं एक बशी आली. काठोकाठ भरलेली.

"गौरे," तो म्हणाला, "त्यो चहा न्हवता. त्ये पाणी होतं. म्या खालचं पाणीच पिऊन बसलो की."

ऊन डोक्यात गेलं असं समजून गौरम्मानं त्याला कांद्याचा वास दिला.

मग काम झपाट्यानं झालं. नळात एकीखाली एक तीन वाकळा, खाली वाळू ओली करून तिच्यात सात माठ ओळीनं. खात्री करायला काशप्पानं गुळाची ढेप आणून मधोमध ठेवली. चार दिवस ढेप हलली नाही. शहाबादी फरशीसारखी घट्ट. पण वाकळ दोन घटकांत वाळायची, आणि पाणी होतं गावाच्या त्या टोकाच्या विहिरीत. काशप्पानं कळशी उचलून गौरम्माच्या हातात दिली. तिनं ती परत त्याच्या हातात दिली.

"वारा तुमचा. पाणी बी तुमचंच."

तेव्हापासून खजुरीच्या विहिरीवर बायकांच्या रांगेत खांद्यावर कावड घेतलेला एक लांबुडका गवंडी दिसायला लागला. दिवसाला बारा खेपा. बायका त्याला पुढं जाऊ देत नसत. बाळंतपणाची घाई आम्हालाही असते, म्हणायच्या. एकीनं तर विचारलं, निलम्माचे अप्पा, आता डोहाळे कशाचे लागले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. पोरगी येणार होती.

बसव जयंती उजाडली. सकाळची मिरवणूक झाली, दुपारी हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, जेवण झालं, आणि ऊन बरोबर डोक्यावर आलेलं बघून चन्नम्मा गाडीतून उतरली. येताना स्वतःचा पंखा, स्वतःचा पाण्याचा तांब्या आणि चेहऱ्यावर स्वतःचं मत घेऊन आली होती. काशप्पानं पहाटेपासून सोळा खेपा घातल्या होत्या. त्याला उभं राहवत नव्हतं, पण बसलं तर उठता येणार नाही म्हणून तो खांबाला धरून होता. चन्नम्मा मनोऱ्याखाली पाटावर बसली. आधी गुळाच्या फळीकडं बघितलं. मग पंखा उघडून वारा घ्यायला लागली.

थोड्या वेळानं पंखा हळू झाला. मग मांडीवर पडला. मग तिनं पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला, आणि हे बघून काशप्पाला रडू यायचं बाकी राहिलं. काही बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. बाई बसल्या जागी झोपली. कपाळावर वाकळीचा एक थेंब पडला, तो तिनं झोपेतच पुसला. घरातली माणसं बोटावर चालत होती. पाटील दारातून डोकावला, त्यालाही गौरम्मानं खुणेनं घालवलं. ऊन कलल्यावर चन्नम्मा जागी झाली, इकडंतिकडं बघितलं, आणि आमच्या घरावर असं एखादं कधी बांधता, असं विचारलं.

काशप्पाला दोन पुरुष उंची चढली. तो हैदराबाद, यझ्द, बिस्किटं सगळं एकदम सांगायला लागला. चन्नम्मानं हात वर केला.

"ते असू द्या, अण्णा. पोरीची खाट कुठं घालणार?"

"हिथंच, अक्का." काशप्पानं दोन्ही हातांनी जागा आखून दाखवली. "बरोबर नाकाखाली. सगळा वारा तिच्याच अंगावर. येक झुळूक वाया जाणार न्हाई."

चन्नम्मानं वर नळाच्या तोंडाकडं बघितलं, मग काशप्पाकडं, मग पुन्हा वर.

"बाळंतिणीच्या?" ती म्हणाली. "बाळंतिणीच्या अंगावर वारा?"

आमच्या मुलखात बाळंतिणीला आणि वाऱ्याला एका घरात ठेवत नाहीत. कानांत कापूस, कानांवर फडकं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. दाराच्या फटीत चिंध्या, खिडकीवर घोंगडं. चाळीस दिवस वाऱ्यानं तिला ओळखसुद्धा द्यायची नाही. हे काशप्पाला माहीत नव्हतं असं नाही. निलम्मा जन्मली तेव्हा ह्याच काशप्पानं आत मुंगीचाही श्वास जाऊ नये म्हणून दाराच्या फटी स्वतःच्या हातानं चुन्यानं लिंपल्या होत्या. आणि आता दीड महिना खपून, परमुलखातला वारा विटांच्या नळानं ओढून, त्यानं तो नेमका त्या एका बाईच्या डोक्यावर आणून सोडला होता जिला तो चालत नाही.

तो तोंड उघडं टाकून उभा राहिला. ह्या वेळी तोंडात भुसकटही आलं नाही. चन्नम्मानं पंखा उचलला, तांब्या उचलला. पोरगी येत नाही, हे ती अजून बोलली नव्हती, पण उठायला तिनं एक गुडघा टेकला होता.

"इहीणबाई," गौरम्मा म्हणाली, "जरा मागं या."

तिनं मागचं दार उघडलं. काशप्पा सवयीनं ते ओढून घ्यायला धावला, पण बायका आत गेल्या होत्या. म्हैस तिथं नव्हती. गौरम्मानं तिला सकाळीच बाहेर निंबाखाली बांधलं होतं. जमीन शेणानं सारवलेली, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या, एकूण एक फट चिंध्यांनी बुजवलेली. कोपऱ्यात खाट, खाटेखाली शेगडीची जागा. आत वाऱ्याचा मागमूस नव्हता, आणि तरी बाहेरच्या वैशाखाचाही नव्हता. डोक्यावरच्या दोन हात मातीनं ऊन वरच्या वर अडवलं होतं. चन्नम्मानं भिंतीला तळवा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हे कुणी बांधलं?"

"मामांजींनी," गौरम्मा म्हणाली. "ह्येंच्या वडलांनी."

"शहाणा माणूस," चन्नम्मा म्हणाली, आणि काशप्पाकडं बघायचं तिनं मोठ्या मनानं टाळलं.

पोरगी येईल, असं ठरलं. फक्त एक अट होती. पहिलटकरणीबरोबर सासूही येईल, आणि सासूचा पाट पुढच्या खणात, नाकाखाली राहील.

ती गेल्यावर काशप्पानं बायकोला धरलं. खाट मागं घालायची हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, मग बोलली कामून न्हाईस? गौरम्मा शेगडी पुसत होती. तिला वाटलं होतं, पुढचं सगळं इहिणीला बसवायला चाललंय. बाळंतीण कुठं घालतात हे पोरीच्या बापाला कळत असेल.

"आणि इचारलाव कुठं?" ती म्हणाली.

निलम्मा आली. तिच्याबरोबर चन्नम्मा आली, दोन ट्रंका घेऊन, म्हणजे मुक्काम किती ते ट्रंकांवरून कळलं. म्हशीची खोली निलम्माला गेल्यावर म्हशीचा प्रश्न उरला. निंबाखाली ती दूध चोरायला लागली, आणि बाळंतिणीच्या घरात दूध हवं. शेवटी तिलाही पुढच्या खणात आणून नाकाखाली बांधलं. एका अंगाला पाटावर चन्नम्मा, दुसऱ्या अंगाला खुंट्याला म्हैस, दोघी डोळे मिटून वारा खात असत, आणि काशप्पा कावडीनं पाणी घालत असे. म्हशीचं दूध शेरभर वाढलं. चन्नम्मानं कुरकुर केली नाही. म्हणाली, ती गप बसते, घरातल्या काहींसारखी नाही.

ज्येष्ठातल्या एका दुपारी काशप्पा पत्र्यावर चढून वरून वाकळांवर पाणी ओतत होता. पाय पोळत होते म्हणून एका पायावर एक असा बगळ्यासारखा उभा होता. मागच्या खोलीचं दार सकाळपासून बंद होतं. खालून बायकांची धावपळ ऐकू यायची आणि थांबायची. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्याचा हात कळशीवर तसाच राहिला. आणि मग खालून, नळातून, चन्नम्माचा आवाज वर आला, घुमत, विहिरीतून यावा तसा.

"काशप्पा अण्णा, नात झाली. दोघी सुखरूप हायेत. आता पाणी थांबवा, म्हशीला शिंका यायल्यात."

त्यानं उरलेली कळशी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली आणि कुणी बघत नाही असं धरून रडून घेतलं. पाटील चावडीतून बघत होता. पण पुढं त्यानं त्याबद्दल कधी अक्षर काढलं नाही.

बारशानंतर दोन्ही ट्रंका हुमनाबादला परत गेल्या. पाऊस सुरू व्हायच्या आत काशप्पानं पत्रे उतरवले आणि कुणालाही न सांगता पांढरी माती चढवली. विचारणाऱ्याला तो सांगायचा की यझ्दला पण मातीच घालतात, पत्रा तिकडं कुणी ओळखत नाही; आणि ह्या वेळी तो खरं सांगत होता तर कुणी विश्वास ठेवला नाही. एक पत्रा तेवढा ठेवला, पावसाळ्यात मनोऱ्याच्या तोंडावर घालायला. नाकाला टोपी, म्हणायचा.

श्रावणात तो बारशाचे पेढे घेऊन हैदराबादला गेला. अर्देशीर शेठनं सगळी हकीकत गल्ल्यावर हात ठेवून ऐकली. हकिकतीत म्हैस आली तेव्हा त्यानं गल्ला सोडला आणि खुर्चीवर बसून घेतलं. मग डोळे पुसत त्यानं पोऱ्याला हाक मारून चहा मागवला. चहा आला. काठोकाठ भरलेला, खाली बशी, बशीत सांडलेलं थोडं.

काशप्पानं हात पुढं केला, आणि मागं घेतला.

"शेठ," तो म्हणाला, "ह्यो प्यायचा हाय का बघायचा?"